मागचा बाक गैरहजर

लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला लावायचं, दुसरं कानाला. खाली पाइप गळत असेल तर सळई गुणगुणते. गळत नसेल तर आपल्याच नाडीचे ठोके ऐकू येतात, आणि नवशिके त्यालाच गळती समजून भलताच रस्ता खणायला लावतात.

*

पडदा. भिंतीवर लंगडं घड्याळ: टिक, जरा थांबून टक. टेबलावर दोन कप. एकातून काका पितात. दुसरा कप उचलताना कुणाला कधी दिसलेलं नाही, पण सत्र संपताना तोही रिकामा असतो.

*

काही नवरे वस्तू विचारून नेतात. उरलेल्यांशीही संसार करावाच लागतो.

*

‘कृपया थांबा. यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.’

*

मागचा बाक. तो बाक. त्याने विचारलं. त्याला समजलं नाही. व्याकरण एकदा एका बाजूला वळलं की माणसं त्याच्यामागून मुकाट चालू लागतात.

आवाज येतोय का?

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात, एक माणूस नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. त्याला कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो नाही हे कळायलाच इतका उशीर झाला.

परिषद होती पाण्याची गळती शोधणाऱ्यांची. दरवर्षी भरायची ती पडद्यावर, ज्याच्या त्याच्या घरून. आणि ती चालवायची जबाबदारी यंदा पहिल्यांदाच कानताईकडे आली होती. कानताई पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. सळई कानाला लावून ती अशा काही गळत्या पकडायची की खात्यातली माणसं तिचं खरं नाव विसरून गेली होती. आधी परिषद चालवायचं काम खात्यातले ज्येष्ठ, सगळ्यांचे काका, करायचे. काका निवृत्त झाले आणि जाताना म्हणाले, की हिला द्या, हिला ऐकता येतं.

मॉडरेटर म्हणजे नक्की काय करते हो तुमची बायको, असं शेजारणीने विचारलं तेव्हा कानताईच्या नवऱ्याने परस्पर उत्तर दिलं होतं, “लग्नातल्या मावशीसारखं असतं ते. लग्न तिचं नाही, पण कोण आलं, कोण रुसलं, कुणाला खुर्ची मिळाली नाही, हे सगळं तिनेच बघायचं.” कानताईला राग आला होता, कारण ते बरोबर होतं. लोकांना आत घ्यायचं. कुणाच्या घरचं कुत्रं भुंकत असेल तर त्याचा माईक बंद करायचा. वक्त्याला वेळ संपल्याचं अशा बेताने सांगायचं की त्याला वाटावं, आपणच थांबलो. आणि शेवटी लोकांनी लिहून पाठवलेले, फक्त मॉडरेटरला दिसणारे प्रश्न मोठ्याने वाचायचे.

त्या दुपारी वाचायला काही नव्हतं.

व्हॉल्व्हच्या दुरुस्तीवर एक बाई फार छान बोलल्या होत्या. कानताई म्हणाली, आता प्रश्न घेऊया. पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात मूग गिळून बसलेला एकेक तज्ज्ञ. बाई थोडा वेळ हसऱ्या चेहऱ्याने थांबल्या. मग म्हणाल्या, “बहुतेक सगळ्यांना सगळंच समजलं.” हे त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं ते हसू पडलं.

तेव्हा कानताईच्या लक्षात आलं, की अशा वेळी मागचा बाक विचारतो. विचारायचा.

कॅमेरा कायम बंद. नावाच्या जागी फक्त ‘मागचा बाक’. दुसरं कुणी विचारत असेल तर तो गप्प बसायचा, पण शांतता पसरली की ती फोडणारा तोच. प्रश्नही कसे, तर ‘समजलं नाही. व्हॉल्व्ह बंद केल्यावर मधल्या पाइपात अडकलेल्या पाण्याचं काय होतं?’ असे. इतका साधा प्रश्न विचारायला कुणी धजत नसे, आणि त्याने विचारला की सगळ्यांना धीर यायचा. मागोमाग दहा हात वर व्हायचे.

यंदा कालपासून तो एकदाही बोलला नव्हता. कानताईने आत असलेल्यांची नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. मागचा बाक आलेलाच नव्हता.

तेवढ्यात अध्यक्षबाईंचा फोन आला.

थोडक्यात बोला

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की दोन दिवसांत एकाही वक्त्याला एकही प्रश्न आला नाही, हे त्यांना बघवत नाही. उद्याच्या समारोपातही हेच झालं तर पुढच्या वर्षीपासून प्रश्नोत्तरं बंद. भाषणं आधीच रेकॉर्ड करून घेऊ आणि एकामागून एक लावू. कुणाचा अपमान नको. “मग मॉडरेटरही लागणार नाही, कानताई. तुमचीही सुटका होईल.”

कानताईला सुटका नको होती. शिवाय समारोपाला बोलणार होता एक नवखा. लहानशा गावच्या पाणीपुरवठ्यावरचा तरुण इंजिनिअर, आयुष्यातलं पहिलं भाषण. तो येत नव्हता, “मला कोण काय विचारणार?” म्हणत होता. कानताईनेच त्याला सांगितलं होतं, “विचारतील. आमच्याकडे विचारतातच.”

आता हा शब्द पाळायचा होता. मागचा बाक उद्यापर्यंत सापडायला हवा होता. तो आपणहून गेला, की कुणी घालवला?

कुणाचा तरी माईक चालू आहे

घालवायचं कारण असलेला एकच माणूस डोळ्यांसमोर होता. प्राध्यापक. गेल्या वर्षी त्यांनी पाइप फुटण्याच्या गणितावर भाषण केलं होतं, आणि शेवटी मागच्या बाकाने विचारलं होतं, ‘फुटायच्या आधी पाइप काही सांगतो का?’ प्राध्यापकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. वेळ संपली नव्हती.

कानताईने त्यांना फोन लावला आणि आडवळणाने विषय काढला. प्राध्यापकांना आडवळणं कळत नसत. ते सरळ म्हणाले, की त्या प्रश्नाने आपली झोप उडवली. कानताई सावध झाली. मग ते म्हणाले, “अहो, प्रयोगशाळेत पाइप टांगून बसलोय वर्षभर. बायको म्हणते, त्यालाच जेवायला वाढू का. उत्तर सापडलंय मला. कालपासून त्या माणसाची वाट बघतोय. कुठाय तो?”

म्हणजे हेही वाट बघणाऱ्यांतलेच निघाले.

उरला तांत्रिक बाजू सांभाळणारा, ज्याला सगळे केबल म्हणत. कुणाला बाहेर काढायचं बटण त्याच्याही हाताशी होतं. केबलने आधी शपथा घेतल्या, मग तो दुखावला, मग कामाचं बोलला. त्याने कुणालाही काढलं नव्हतं. फरक यंदा एवढाच होता, की पूर्ण नाव न लिहिणाऱ्याला दार आपोआप उघडत नसे. असा माणूस बाहेरच्या खोलीत थांबतो आणि मॉडरेटरने त्याला आत घ्यायचं असतं.

“आणि ते तुम्हाला दिसतंच की, ताई. बाहेर किती जण आहेत त्याचा आकडा कोपऱ्यात येतो.”

“माहितीये रे. बाहेर कालपासून एकच आहे. तो माझाच टॅब.”

खात्याच्या बैठकांपासूनची ही कानताईची पद्धत होती. बाहेर थांबलेल्यांना काय दिसतं, काय ऐकू येतं, हे कळावं म्हणून ती आपला टॅब पूर्ण नाव न देता मुद्दाम बाहेरच्या खोलीत उभा करून ठेवी. काकांनीच शिकवलेलं. काका म्हणत, यजमानाने अधूनमधून स्वतःच्या दाराबाहेर उभं राहून पाहावं.

केबलही निर्दोष. मग पाणी मुरतंय कुठे?

माफ करा, तुमचा आवाज मध्येच गेला

माणसं संपली की कानताई आवाजाकडे वळायची. तिने जुन्या परिषदांची रेकॉर्डिंग लावली, हेडफोन घातला, डोळे मिटले.

गळती शोधणारा नुसता आवाज ऐकत नाही. आवाज कुठे तुटतो तेही ऐकतो. तिसऱ्या रेकॉर्डिंगला तिला तुटलेली जागा सापडली. शांतता पसरली आहे. काका म्हणतात, “घाई नाही, थांबूया जरा.” त्यांच्या मागे लंगडं घड्याळ चालू आहे, टिक, टक. आणि मग घड्याळ बंद पडतं.

घड्याळ बंद पडलेलं नसतं. काकांनी स्वतःचा माईक बंद केलेला असतो. थोड्या वेळाने घड्याळ पुन्हा चालू होतं आणि काका म्हणतात, “हां, मागच्या बाकाकडून एक प्रश्न आलाय.”

तिने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तसंच. त्याच्या आधीचं. तसंच. दर वेळी घड्याळ थांबतं, आणि दर वेळी घड्याळ परत येताना प्रश्न घेऊन येतं.

एका जागी तर याहून गंमत होती. मागच्या बाकाने अर्धवट प्रश्न पाठवला होता आणि मागोमाग लिहिलं होतं, ‘चुकलं, परत लिहिते.’ तिने डोळे उघडून पाहिलं, मॉडरेटरला दिसणाऱ्या पडद्यावर स्पष्ट अक्षरं होती. पण काकांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा म्हणाले, “चुकलं म्हणतायत, परत लिहितो.”

कानताईने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. समोर ‘लिहिते’ दिसत असताना माणूस ‘लिहितो’ का वाचेल? चूक म्हणावी, तर काका चुकलेल्या अनुस्वारालाही अडखळणारे.

तिला वाटलं, सापडलं. काका स्वतःच मागचा बाक. माईक बंद करायचा, म्हणजे टाइप केल्याचा आवाज जायला नको, आणि स्वतःच प्रश्न पाठवायचा. ‘लिहिते’ हे नुसतं दुसऱ्या कुणाचं सोंग, आणि ते सोंग वाचताना विसरले. काका निवृत्त झाले, मागचा बाकही त्यांच्याबरोबर निवृत्त झाला.

तिने काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी पहिल्याच वाक्यात तिचा पत्त्यांचा बंगला पाडला.

काका, तुमचा कॅमेरा छताकडे आहे

“एकही नाही,” काका म्हणाले. फोन नीट धरता न आल्यामुळे त्यांचं कपाळ आणि वरची ट्यूबलाइट एवढंच दिसत होतं. “अगं, मी एकही प्रश्न विचारलेला नाही. तुझ्याशी कधी खोटं बोललोय?”

बोलले नव्हते. शिवाय काका एका बोटाने टाइप करत. साधं ‘धन्यवाद’ लिहायला त्यांना इतका वेळ लागे की तेवढ्यात समोरचा निघून जाई. घड्याळ थांबायचं ते इतका वेळ नव्हे.

“मग तुम्ही माईक बंद का करायचात?”

काकांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

“मी कुणाला तरी शब्द दिलाय,” ते म्हणाले. “तो मोडायला लावू नकोस. पण तू हे मला का विचारतेस ते कळत नाही. तुझ्यासमोरच तर असेल की मागचा बाक.”

“नाहीये, काका. दोन दिवस आलेलाच नाही.”

“असं कसं होईल,” काका म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून कुठेतरी पाहिलं. कानताईने विचारलं, तुम्ही ऐकत नाही का परिषद? काका म्हणाले, की नाही बुवा, कॉम्प्युटर हल्ली आतल्या खोलीत असतो आणि ते दार दिवसभर बंद असतं. “मला आत मज्जाव आहे.” हे ते अशा काही खुशीत म्हणाले, की तक्रार वाटेना.

काकांच्या आवाजामागे घड्याळ नव्हतं. फोन ठेवल्यावर ते कानताईला जाणवलं, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

शेवटचं सत्र

दुसऱ्या दिवशी नवखा बोलायला बसला तेव्हा त्याच्या शर्टाची वरची दोन्ही बटणं लावलेली होती. विषय होता प्लॅस्टिकच्या पाइपातली गळती. सुरुवातीला तो कागदाला धरून होता, मग हळूहळू कागद सुटला. लोखंडी पाइप लांबवर आवाज नेतो, प्लॅस्टिकचा पाइप आवाज गिळून टाकतो, असं तो सांगत होता. कानताई अर्ध्या कानाने ऐकत होती. मन मात्र घाबरून प्रश्नांच्या वेळेकडे बघत होतं. एखादा प्रश्न आपणच विचारावा का? पण घरच्या मावशीने केलेलं कौतुक नवरामुलाला थोडंच खरं वाटतं.

दार ढकलून नवरा आत आला. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून वाकून, चोरासारखा. त्याने टेबलावर टॅब ठेवला आणि कुजबुजला, “घे बाई तुझा. मॅच संपल्या.”

कानताईने माईक बंद केला. “हा तुझ्याकडे होता?”

“परवापासून. तुला सांगितलं होतं.”

“नव्हतंस सांगितलं.”

“मनात सांगितलं होतं.”

तिने टॅबकडे पाहिलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे. बाहेर थांबलेले: एक.

परवा सकाळी एकदा जोडून ठेवल्यावर गडबडीत तिने टॅबकडे पाहिलंच नव्हतं, आणि तो तर नवऱ्याकडे होता. मग बाहेर कोण?

आकडा तिने तीन दिवस पाहिला होता. त्यावर बोट ठेवून नाव उघडून पाहायची गरज तिला वाटली नव्हती, कारण आपल्याच टॅबचं नाव कोण कशाला पाहील. आता तिने बोट ठेवलं, आणि बोटाखाली नाव उघडायच्या आत बाकीचं सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक जागेवर जाऊन बसलं. काका माईक बंद करत ते टाइप करायला नव्हे, बोलायला. शेजारी बसलेल्या कुणाशी तरी. ज्याच्यासाठी दुसरा कप असे. जिला पाइपातलं काही कळत नसे, म्हणून जिचे प्रश्न इतके सरळ असत. जी एकदा घाईत ‘लिहिते’ लिहून गेली. घड्याळ आतल्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, दार बंद, काकांना मज्जाव.

नाव उघडलं. मागचा बाक.

“काखेत कळसा,” नवरा खांद्यावरून वाचत म्हणाला. तिने त्याला हाताने बाहेर घालवलं आणि दुसऱ्या हाताने आत घ्यायचं बटण दाबलं.

नवखा संपवत होता. “एवढंच,” तो म्हणाला. “काही प्रश्न असतील तर.” आणि तेच चौकोन, तीच शांतता. त्याचा हात नकळत गळ्याशी, वरच्या बटणापाशी गेला.

“घाई नाही,” कानताई म्हणाली. “थांबूया जरा.”

मग तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली. ‘समजलं नाही म्हणून विचारते. प्लॅस्टिकचा पाइप आवाज करत नाही म्हणालात. मग तो गळतोय हे तुम्हाला कळलं कसं?’

कानताईने घसा साफ केला.

“मागच्या बाकाकडून प्रश्न आलाय,” ती म्हणाली. “समजलं नाही म्हणून विचारतो, असं म्हणतायत.”

नवख्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, खरं सांगू का, मशिनने कळलंच नव्हतं. भर उन्हाळ्यात एका शाळेमागे गवताचा एकच पट्टा हिरवा दिसला. “मी आवाज ऐकायला गेलो होतो आणि दिसलं गवत. तेव्हापासून मी आधी चालत फिरतो, मग मशिन काढतो.”

एक हात वर झाला. मग दुसरा. कुणी गवताची जात विचारली, कुणी विचारलं पावसाळ्यात काय करता, आणि व्हॉल्व्हवर बोललेल्या बाईंनी तर स्वतःच्याच गावच्या हिरव्या पट्ट्याची शंका काढली. प्राध्यापकांचा हात किती तरी वेळ वरच होता. कानताईने त्यांना बोलायला सांगितलं, तर ते म्हणाले, की मला प्रश्न नाही, गेल्या वर्षीचं उत्तर द्यायचंय. “मागच्या बाकासाठी. फुटायच्या आधी पाइप सांगतो. फार बारीक, पण सांगतो. पुढच्या वर्षी मला सविस्तर वेळ द्या.”

अध्यक्षबाईंनी कानताईला एकटीला संदेश पाठवला. पूर्ण नाव नसलेला हा माणूस आत कसा आला?

कानताईने लिहिलं, ‘माझ्या ओळखीचे आहेत.’

बऱ्याच वेळाने अध्यक्षबाईंचं उत्तर आलं. ‘पुढच्या वर्षी त्यांना लवकर आत घ्या.’

सगळे गेले का?

संध्याकाळी तिने फोन लावला तेव्हा तो काकूंनी उचलला. मागे लंगडं घड्याळ चालू होतं, टिक, जरा थांबून टक.

कानताई म्हणाली, “काकू, तीन दिवस तुम्ही बाहेर बसून होतात. एक फोन नाही करायचा?”

“दारावर लिहिलं होतं ना, थांबा म्हणून,” काकू म्हणाल्या. “आणि तू नवीन. तुझ्यामागे किती व्याप. म्हटलं, घेईल सवडीने. वाटाणे सोलायचेच होते.”

काकांना सांगायचं तरी, असं कानताई म्हणाली. त्यावर काकूंनी सांगितलं, की यांना सांगितलं असतं तर यांनी लगेच तुला फोन करून झापलं असतं, म्हणून काल यांनी विचारलं तेव्हाही सगळं ठीक आहे म्हणून टाळलं. ते काकूंना नको होतं. आणि आपण कोण ते कुणाला कळायलाही नको होतं. लोक एरवी प्रश्नाला उत्तर देतात. मॉडरेटरच्या बायकोचा प्रश्न म्हटलं की नुसते कौतुकाने हसतील.

मग काकांनी फोन घेतला. या वेळी कपाळाऐवजी हनुवटी दिसत होती.

“दार उघडं ठेवलं होतं तिने आज,” ते म्हणाले. “ऐकलं मी. तू ‘विचारतो’ वाचलंस.”

“तुम्हीही ‘लिहितो’ वाचलं होतं.”

“मी शब्द दिला होता. तू कुणाला दिला होतास?”

कानताईने विषय बदलला. तिने विचारलं, हे सगळं मुळात सुरू कसं झालं. काका म्हणाले, राहू दे गं, जुनी गोष्ट. मागून काकू म्हणाल्या, सांगा की, आता काय लपवायचं. काका म्हणाले, सांगेन कधीतरी. मग दोघांत कपबशा कुणी विसळायच्या यावरून वाद सुरू झाला आणि फोन तसाच चालू राहिला. कानताईने तो बंद केला नाही. शेवटचा माणूस गेल्याशिवाय खोली बंद करायची नाही, हेही काकांनीच शिकवलं होतं.

परिषद पहिल्यांदा पडद्यावर भरली त्या वर्षी काका मॉडरेटर नव्हते, वक्ते होते. ते घरगुती नळांच्या गळतीवर बोलले, आणि शेजारी, कॅमेऱ्याबाहेर, काकू ऐकत बसल्या होत्या. एकही प्रश्न आला नाही.